बाबांच्या डोक्यातलं साकळलेलं रक्त आणि परवाचं ऑपरेशन

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, हे पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखव. चष्मा लावूनही हल्ली त्यांची ओळ सुटते, असं दादा म्हणाला.

रागवाल ते आधीच सांगून टाकते. तारीख मी घेतली आहे, तुम्हाला न विचारता. उद्या पहाटे दादा गाडी घेऊन येईल. दुपारपर्यंत पुण्यात अ‍ॅडमिट, परवा सकाळी पहिलीच केस बाबांची. बाबा, संमतीच्या कागदावर सही मात्र तुमचीच लागेल, तिथे मी जबरदस्ती करणार नाही. पेन्शनच्या कागदावर आली तशी वाकडी आली तरी चालेल.

घाई का, ते सांगते. आज चिपळूणला काढलेला सीटी मी पूर्ण पाहिला. मेंदूच्या डाव्या बाजूला, कवटीच्या आतून, चंद्रकोरीच्या आकाराचा जुन्या रक्ताचा थर आहे. जास्तीत जास्त जाडी 19 मिलिमीटर. त्याच्या दाबाने मेंदूची मधली रेषा 8 मिलिमीटर उजवीकडे सरकली आहे. मेंदूची डावी बाजू उजवा हात-पाय चालवते आणि बोलणंही बहुतेकांचं तिथूनच चालतं. म्हणून बाबांची उजव्या पायातली चप्पल ओटीवरच राहते आणि ते तसेच अंगणात पोचतात. म्हणून साध्या वस्तूचं नाव आठवत नाही आणि सगळं 'ते हे' होतं. याला म्हातारपण म्हणू नका. म्हातारपण एकाच पायातली चप्पल निवडून काढत नाही.

आई, गणपतीआधी माळ्यावर मखर काढताना वाशाला डोकं लागलं, तेव्हाच सीटी करायला हवा होता, असं तू दादाला चार वेळा म्हणालीस. त्या दिवशी केला असता तर बहुधा काहीच दिसलं नसतं. वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो, कवटी तेवढीच राहते. मेंदूपासून वरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे ताणलेल्या असतात. साध्या टेंगळाएवढ्या मारानेही एखादी फाटते आणि थेंब थेंब रक्त झिरपतं. त्याभोवती पापुद्रा तयार होतो, पापुद्र्यात नवीन नाजूक रक्तवाहिन्या येतात, त्याही पाझरतात. म्हणून मार विसरल्यावर, तीन आठवड्यांनी नाहीतर दोन महिन्यांनी, त्रास सुरू होतो. शिवाय बाबांची स्टेंटची, रक्त पातळ ठेवणारी गोळी, क्लोपिडोग्रेल. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलले, आज रात्रीपासून ती बंद. तिचा असर जायला 5 ते 7 दिवस लागतात, पण हाताची ताकद कमी होत असताना तेवढं थांबणं परवडणारं नाही. त्यासाठी प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, सांगून ठेवल्या आहेत.

आणि तात्यांच्या वेळचं मनात आणू नका. त्यांचा रक्तस्राव मेंदूच्या आत होता. हे रक्त मेंदूच्या बाहेर आहे, मेंदूला सुरी लागत नाही.

काकूंनी सुचवलेल्या गोळ्यांचंही सांगते, नाहीतर गाडीत तोच विषय निघेल. स्टेरॉइडने असं रक्त विरतं, असं पूर्वी बरेच जण मानत. इंग्लंडमध्ये त्याची मोठी तपासणी झाली, 2020 मध्ये निष्कर्ष आले. स्टेरॉइड घेतलेल्यांना पुन्हा ऑपरेशन कमी लागलं, पण सहा महिन्यांनी चांगल्या स्थितीत असणारे त्यांच्यातच कमी निघाले. त्यात बाबांची साखर. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून नळी घालून पापुद्र्याचा रक्तपुरवठा बंद करण्याची नवी पद्धतही आहे. ती हळूहळू काम करते, आज दाब आहे तो आज उतरवत नाही. म्हणून ऑपरेशनच.

ते असं. कवटीला 14 मिलिमीटरच्या आसपासची दोन छिद्रं, एक पुढे, एक मागे. ड्रिल कवटीच्या आतल्या थरातून पार झालं की आपोआप थांबतं, त्यामुळे ते आत घुसेल ही भीती काढून टाका. मग आवरणाला छोटा छेद. आतून जे येतं ते डेपोत बदलताना निघणाऱ्या जळक्या ऑइलसारखं काळपट आणि पातळ असतं, बाबांना ते नीट कळेल. अंगाइतक्या कोमट सलाइनने पोकळी धुतात, पाणी स्वच्छ येईपर्यंत. शेवटी एक मऊ नळी आत ठेवून पिशवीला जोडतात, साधारण 48 तास. या नळीवर मी सर्जनशी मुद्दाम बोलले. केंब्रिजच्या 2009 च्या अभ्यासात नळी न ठेवलेल्यांपैकी 24 टक्क्यांना पुन्हा ऑपरेशन लागलं, नळी ठेवलेल्यांपैकी 9 टक्क्यांना. बाबा, डोकं जड वाटलं तरी नळीला हात लावायचा नाही आणि नर्सला विचारल्याशिवाय उठून बसायचं नाही. पिशवी वर-खाली झाली तर जास्त ओढलं जातं.

सगळं मिळून तासाभराचं काम. बाबांना ऐकू कमी येतं आणि तासभर न हलता पडून राहणं जमणार नाही, म्हणून पूर्ण भूल. केस काढावे लागतील, पण तुमच्याकडे काढण्यासारखे आहेत तरी किती! मला टोचताना पंख्याची पाती मोजायला लावायचात ना, बाबा? तिथे पंखा नसतो. वरच्या मोठ्या दिव्यातले छोटे दिवे मोजा, पाच-सहाच्या पुढे कुणी जात नाही.

धोका अजिबात नाही असं म्हणणार नाही. रक्त पुन्हा साठू शकतं, फिटचा झटका येऊ शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो. या वयात मेंदू लगेच फुगून जागा भरत नाही, म्हणून सीटी पुन्हा काढतात. पण मेंदूइतकीच मला काळजी आहे ती पडून राहण्याची: छातीत कफ, लघवीचा संसर्ग. म्हणून नळी निघाली की चालवणारच. हातातली ताकद बऱ्याचदा काही दिवसांतच परत येते, विसरभोळेपणाला आठवडे लागतात.

आई, आता तुझ्यासाठी. खोलीत तुला वेगळा पलंग आहे, कमोड उंच आहे, लिफ्ट आहे, गुडघ्याला त्रास नाही. मऊ भात मी पाठवीन, मेतकूट तू आण. ऑपरेशननंतर एखाद्या रात्री बाबा गोंधळतील, पहाटेची गाडी सोडायचीय म्हणतील. वाद घालू नकोस, घाबरूही नकोस. चष्मा लाव, कानाचं मशीन घाल, वार आणि वेळ सांग, दिवा मंद ठेव. झोपेची गोळी मागू नकोस, तिने गोंधळ वाढतो. नातेवाइकांना आठवडाभर येऊ नका म्हणून मीच सांगते, तू वाईट होऊ नकोस.

आणताना: हिरव्या पिशवीतली स्टेंटची फाइल, सीटीच्या फिल्म आणि सीडी (नुसता रिपोर्ट नको), आधार, मेडिक्लेमचं कार्ड, सगळ्या गोळ्या पाकिटांसकट, कवळीची डबी. अंगठी घरीच काढा, बोट सुजलं की निघत नाही. उद्या मध्यरात्रीनंतर खाणं बंद. चहासुद्धा नाही, बाबा. दुधाचा चहा पोटात जेवणासारखा धरतात, सहा तास लागतात. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल. रक्तदाबाची गोळी घोटभर पाण्याबरोबर, साखरेची नाही.

टाके साधारण आठ-दहा दिवसांनी निघतील. तोवर डोक्याला तेल नाही, अगदी घरचं खोबरेलही नाही. स्कूटर सर्जन म्हणेपर्यंत बंद, किल्ली दादाकडे. क्लोपिडोग्रेल पुन्हा कधी, हे दोन्ही डॉक्टर ठरवतील, शेजारचे मेडिकलवाले नाही. पुण्यात टाके निघेपर्यंत माझ्याकडेच राहायचं. गुरांची सोय दादाने लावली आहे, कुंड्यांचीही.

आज रात्री आई, दर तीन तासांनी बाबांना हाक मारून उठव, नाव विचार, दोन्ही हात दाबायला सांग. बाथरूमला आतून कडी नको. उठवूनही डोळे उघडेनात, उलटी झाली, उजवा हात उचलेना किंवा फिटचा झटका आला, तर पहाटेची वाट पाहू नका, 108 ला फोन आणि मग मला. कुंभार्ली घाटात बाबांना एरवीही मळमळतं, पण उद्या 'घाटामुळे असेल' म्हणायचं नाही. उलटीबरोबर गुंगी आली तर थेट कराडला, मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. तिथे कुणाशी बोलायचं ते दादाच्या फोनवर पाठवलं आहे.

तुमची,
मनू