बाळाच्या खोलीसाठी आप्तांचे हात

महोदय,

पहिलटकरीण माहेरी येणार म्हटले की सारे घर कामाला लागते, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. या तयारीत अलीकडे बाळाच्या खोलीची सजावट हा एक मोठा खर्च शिरला असून त्याविषयी चार शब्द लिहावेत, असे बरेच दिवस मनात होते. माझी मुलगी बाळंतपणासाठी आमच्या कोथरूडच्या जुन्या सदनिकेत येणार हे ठरल्यावर तिच्या वडिलांनी हौसेने घरसजावटीचे काम करणाऱ्या एका व्यावसायिकाला बोलावले. भिंतीला जंगलाच्या चित्रांचा वॉलपेपर, छतात चांदण्यांचे दिवे, कठड्याचा पलंग, त्याच्याशी मेळ खाणारे कपाट आणि पलंगाच्या चारी बाजूंना आतून बांधायच्या गुबगुबीत गाद्या असा पाऊण लाखाच्या घरात जाणारा अंदाज त्या व्यावसायिकाने हातात ठेवला. पहिल्या बाळंतपणानंतर लेक माहेरी राहते ती फार तर तीन-चार महिने. वॉलपेपर काही तिच्याबरोबर सासरी जाणार नाही. आम्ही तो अंदाज बाजूला ठेवला आणि तीच खोली पुढे नात्यातल्या व शेजारच्या माणसांच्या हातांनी, नवी गादी आणि मच्छरदाणी धरून, दहा हजारांच्या आत उभी राहिली. घराचे हप्ते फेडणाऱ्या अनेक तरुण जोडप्यांना हा मार्ग उपयोगी पडेल, म्हणून तो सविस्तर मांडते.

मुळात या वयाच्या बाळाला खोलीकडून काय हवे असते, हे आधी पाहिले पाहिजे. नवजात बाळाला सुमारे 20 ते 30 सेंटीमीटर अंतरावरचेच काय ते बरे दिसते, म्हणजे दूध पाजताना आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो तेवढे. समोरच्या भिंतीवरचा हत्ती आणि छतातल्या चांदण्या त्याच्यासाठी पहिले काही महिने जवळजवळ नसल्यातच जमा असतात. शिवाय अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था असे सांगते, की किमान पहिले सहा महिने बाळाने आईवडिलांच्याच खोलीत, मात्र स्वतंत्र, सपाट आणि टणक अंथरुणावर, पाठीवर झोपावे. आपल्याकडे बाळ-बाळंतीण एका खोलीत असतात ते योग्यच आहे, आणि म्हणून सजवायची आहे ती बाळंतिणीची खोली, हे एकदा मनाशी पक्के केले की निम्मा खर्च तिथेच गळून पडतो. अंदाजपत्रकातल्या त्या गुबगुबीत गाद्यांविषयी तर आवर्जून लिहायला हवे. त्यांत तोंड दबून बाळ गुदमरण्याचा धोका असल्यामुळे अमेरिकेने 2022 साली कायदा करून त्यांच्या विक्रीवरच बंदी घातली, आणि आपल्याकडे मात्र त्या शोभेची वस्तू म्हणून सर्रास विकल्या जातात. हाच धोका पाळण्यातल्या उशांचा, तक्क्यांचा आणि मऊ खेळण्यांचा आहे. डोक्याला आकार यावा म्हणून राईची उशी देण्याची पद्धत घराघरांत आहे, पण झोपलेल्या बाळाजवळ तीही नसावी, असे आम्हाला आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आणि आम्ही ते पाळले.

आता मदतीविषयी. आप्तेष्टांना मदत मागायला आपल्याला संकोच वाटतो आणि ‘काही लागले तर सांगा’ म्हणणाऱ्यांना आपण ‘काही नको’ म्हणून मोकळे होतो, मग तीच माणसे डोहाळजेवणाला आणि बारशाला एकाच मापाचे फ्रॉक, बॅटरीवर वाजणारी खेळणी आणि पाकिटे घेऊन येतात. आम्ही प्रत्येकाला नेमके काम सांगितले, माप दिले, तारीख दिली. हिंजवडीला नोकरी करणाऱ्या भाच्याला रविवारच्या दोन तासांत होईल असे काम दिले, माझ्या दिराला त्यांच्या आवडीचे सुतारकाम दिले, आणि ज्यांना हाताने काही करणे शक्य नव्हते त्यांना ‘धुऊन मऊ झालेले सुती कापड द्या’ एवढेच सांगितले. कुणीही नाही म्हटले नाही. उलट, आपल्याला विचारले गेले याचा आनंद त्यांच्या बोलण्यात दिसत होता.

सर्वांत सुंदर वस्तू आली ती विहीणबाईंकडून. त्यांनी आपल्या सासूबाईंची विरलेली नऊवारी लुगडी जपून ठेवली होती. मला त्यांनी हाताखाली बोलावले, तेव्हा चौरस गोधडी कशी आकाराला येते हे प्रथमच नीट पाहायला मिळाले. लुगड्यांचे चार थर जमिनीवर एकावर एक अंथरून, हाताने सुरकुती काढत काढत त्यांनी आधी लांब टाक्यांनी ते एकमेकांना धरून घेतले. मग कडेने धावदोरा घालायला सुरुवात केली आणि कडेला समांतर, दोन बोटांच्या अंतराने, एकात एक चौकोन घेत त्या मध्याकडे सरकत गेल्या. काठ फेकून न देता तेच चहूबाजूंनी दुमडून पट्टीसारखे बसवले. दोरा संपला की गाठ वर न ठेवता दोन थरांच्या मध्ये लपवायची, म्हणजे बाळाच्या अंगाला ती टोचत नाही, हे त्यांनी मला सुईसकट दाखवले. ही गोधडी दिवसा, कुणीतरी जवळ बसलेले असताना बाळाला खाली ठेवण्यासाठी आणि अंग चोळताना अंथरण्यासाठी आहे. पाळण्यात ती सैल टाकायची नाही, हा नियम विहीणबाईंनीच सर्वांना घालून दिला. बाजारातल्या कोणत्याही रजईला हा स्पर्श येणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

पाळण्याची गोष्ट मात्र अधिक काळजीची आहे. आमच्या घराण्यातला सागवानी पाळणा नात्यातल्या अनेक घरांत फिरून माळ्यावर येऊन पडला होता. प्रत्येक बारशाला त्यावर ऑइलपेंटचा नवा हात चढत गेल्याने त्याच्या अंगावर रंगाचे थरच्या थर साचले होते. जुन्या रंगांत शिसे असू शकते आणि ते लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) अधिक नसावे, असा नियम आपल्या देशात 2016 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगाची खात्री देता येत नाही. असा रंग घरात, विशेषतः गरोदर बाईच्या आसपास, कोरडा घासणे म्हणजे त्याची धूळ श्वासावाटे आत घेणे होय. म्हणून दिरांनी पाळणा एका जाणत्या सुताराच्या कारखान्यात नेऊन ओला ठेवून खरवडून घेतला आणि नंतर कोणताही रंग न देता खाण्याच्या प्रतीचे जवसाचे तेल तेवढे चोळले. सागाच्या रेषा इतक्या वर्षांनी उघड्या पडल्या आणि त्या पाहून घरातल्या सर्वांनाच भरून आले. कठड्याच्या दोन गजांमधले अंतर सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावे, कारण त्यातून बाळाचे अंग निसटून डोके अडकू शकते. शीतपेयाचा सर्वसाधारण डबा गजांमधून आरपार जात असेल तर तो पाळणा वापरू नये, ही घरच्या घरी करण्याजोगी परीक्षा आहे. आमच्या पाळण्यात एका बाजूचे दोन गज निखळलेले होते, ते नवे बसवावे लागले. छतातल्या कडीला पाळणा टांगण्याआधी तांदळाचे भरलेले पोते रात्रभर टांगून पाहिले. बाळ कुशीवर वळू लागले की पाळणा बंद करायचा, हेही आताच ठरवून ठेवले आहे.

भिंती जावयांनी आणि त्यांच्या मित्राने रंगवल्या. रंग, प्रायमर, रोलर आणि पत्र्याची पट्टी मिळून खर्च साडेतीन हजारांच्या आत बसला. रंगाचा वास पूर्ण जावा म्हणून हे काम मुलगी येण्याच्या महिनाभर आधी उरकले आणि खिडक्या दिवसभर उघड्या ठेवल्या. पुण्यात पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंती अनेक जुन्या इमारतींत आहेत. अशा भिंतीवर रंग किंवा वॉलपेपर लावला तर आत बुरशी वाढते, म्हणून आधी बाहेरची भेग बुजवावी आणि भिंत वाळू द्यावी. रंग फिका निवडला, त्यामुळे तेवढ्याच दिव्यात खोली उजळ वाटते आणि रात्री लंगोट बदलताना मोठा दिवा लावावा लागत नाही.

बाळाच्या नजरेत भरेल असे एक चित्र मात्र हवे होते. चित्रकला शिकणाऱ्या माझ्या भाचीने गेरूच्या रंगाच्या जाड कागदावर पांढऱ्या रंगाने वारली पद्धतीची माणसे, झाडे आणि एक मोर काढला. ठळक उठावाचे आकार लहान बाळाला लवकर जाणवतात, आणि आपल्या पालघर-डहाणूकडच्या वारली चित्रांत तो उठाव मुळातच आहे. हे चित्र भिंतीवर टांगलेले नाही. बाळ जागे असते तेव्हा त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर कुणीतरी धरते, आणि नात एकटक त्या मोराकडे पाहत राहते. पाळण्यावर टांगायचे कापडी पाखरांचे चिमणाळे शेजारच्या काकूंनी ब्लाउजपीसच्या तुकड्यांचे केले. राघूंचे डोळे मण्यांचे न लावता दोऱ्याने भरले, कारण मणी तुटून तोंडात जाऊ शकतो. ते बाळाच्या हाताला लागणार नाही इतके उंच बांधले आहे आणि हात पुढे करून धरण्याचे वय आले की काढून टाकले जाईल.

बाजारहाट थोडीच झाली. टोपडी, लंगोट आणि दुपटी वेगवेगळी ठेवण्यासाठी बुरूड आळीतून बांबूच्या टोपल्या आणल्या. त्या हलक्या आहेत, त्यांत हवा खेळते आणि त्या मुलीबरोबर सासरी जातील. पाळण्याची साखळी आणि कड्या बोहरी आळीत मिळाल्या, झालरीची सुती लेस तुळशीबागेत. कपाट जुनेच ठेवले, पण ते लोखंडी पट्टीने भिंतीला पक्के केले, कारण पुढे रांगणारे मूल खण ओढून त्याला लोंबकळते. हे काम भाच्याच्या त्या रविवारच्या दोन तासांत झाले.

ज्यावर पैसे वाचवू नयेत अशा वस्तू फार नाहीत, पण त्या ठामपणे नव्या घ्याव्यात. पाळण्याच्या मापाची घट्ट, न दबणारी गादी ही त्यातली पहिली. जुनी गादी मध्ये खोलगट झालेली असते आणि माप चुकले तर कडेला फट राहते. दुसरी मच्छरदाणी आणि खिडकीची जाळी, कारण डेंगीच्या दिवसांत पुण्यात यावाचून चालणार नाही आणि बाळाच्या खोलीत डास घालवण्याची धुराची कॉइल लावणे योग्य नाही. शेपा-ओव्याच्या धुरीचा आग्रह आमच्याकडेही झाला. बंद खोलीतला कोळशाचा धूर बाळाच्या फुप्फुसांना सोसणारा नसतो, हे वडीलधाऱ्यांना नम्रपणे समजावले आणि त्यांनी ते ऐकले. खेळणी घ्यायचीच असतील तर त्यांवर आयएसआय चिन्ह पाहावे, जे 1 जानेवारी 2021 पासून सक्तीचे आहे.

बाळ जन्माला येण्यापूर्वी काही आणू नये, अशी समजूत बहुतेक मराठी घरांत आहे आणि पहिले अंगडे-टोपडे मागून आणलेले असावे, अशीही रीत आहे. या दोन्हींचा मला आदर वाटतो, आणि या कामात त्यांची अडचण न होता मदतच झाली. गोधडी विहीणबाईंच्या घरी राहिली, पाळणा दिरांकडे, टोपल्या आणि चिमणाळे काकूंकडे. आमच्याकडे फक्त रंगवलेली रिकामी खोली होती. बाळ-बाळंतीण रुग्णालयातून घरी येण्याच्या सकाळी प्रत्येकाने आपापली वस्तू आणून जागेवर लावली. पहिले झबले माझ्या भाचीच्या मुलाचे, अनेकदा धुतलेले आणि मऊ होते.

आपल्या शहरात शेकडो सदनिकांच्या सोसायट्या आहेत आणि त्यांतल्या अनेक घरांच्या माळ्यांवर असे पाळणे धूळ खात पडलेले असतील. सोसायटीच्या सूचनाफलकावर पाळणा, बाबागाडी आणि बाळाची टोपली देऊ इच्छिणाऱ्यांची यादी लावणे कोणत्याही कार्यकारिणीला सहज जमेल. मात्र वस्तू देताना ती किती जुनी आहे आणि तिच्यावर कोणता रंग आहे, हेही लिहावे. आपल्या दैनिकाला माझी विनंती अशी आहे, की घरसजावटीच्या पानावर दिवाणखान्यांच्या बरोबरीने दोन खोल्यांच्या घरांतल्या अशा बाळंतिणीच्या खोल्यांची छायाचित्रेही छापावीत आणि प्रत्येक छायाचित्राखाली एकूण खर्च व कोणते काम कुणी केले, याची नोंद द्यावी.

आपली नम्र,
एक वाचक, कोथरूड, पुणे