अपील करायचंय? आधी १७ लाख ठेवा

मा. केंद्रीय अर्थमंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

कर्जवसुली न्यायाधिकरणानं गेल्या आठवड्यात बँकेच्या कारवाईविरुद्धचा माझा अर्ज फेटाळला. राहत्या घराचा ताबा आता बँकेकडे जाणार. अपिलाला ३० दिवस आहेत, म्हणून वकिलांकडे धावलो. ते म्हणाले, अपील होईल, पण आधी दाव्याच्या निम्मी रक्कम भरा. दावा ३४ लाखांचा. फारच गयावया केली तर अपील न्यायाधिकरण ती २५ टक्क्यांवर आणू शकतं; त्याखाली यायची सोय सरफेसी कायद्याच्या (कोर्टात न जाता बँकांना तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) कलम १८ मध्ये ठेवलेलीच नाही.

अहो, १७ लाख असते तर हप्ते थकले असते का?

आणि मुळात भांडण त्या ३४ लाखांवरच आहे. दंडव्याज मुद्दलात घालून त्यावर पुन्हा व्याज लावलंय, असं मी बँकेच्या ‘६० दिवसांत कर्ज फेडा’ या नोटिशीला लेखी कळवलं होतं. बँकेनं १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. आलं एका ओळीचं: आक्षेप मान्य नाहीत. कारणं बहुधा पुढच्या टपालानं येत असावीत. न्यायाधिकरणानं ६० दिवसांत, फार तर ४ महिन्यांत निकाल द्यावा, असंही तुमचाच कायदा सांगतो. तिथं पीठासीन अधिकाऱ्याची खुर्चीच कितीतरी महिने रिकामी! तोवर व्याज मात्र एक दिवस थांबलं नाही. वसुलीवाले दारात येऊन शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलायचे. आईनं दुपारी दार उघडणंच सोडलं. आता ती भांडी पोत्यात भरतेय आणि विचारतेय, जायचं कुठं? आमची मुदत चुकली की दार बंद. बँकेची, न्यायाधिकरणाची चुकली तर कुणाचं काय बिघडतं?

दिवाणी न्यायालयाला कलम ३४ नं मज्जाव. उच्च न्यायालयात जावं तर ‘पर्यायी दाद उपलब्ध आहे’ हे ठरलेलं उत्तर. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पहिल्या पायरीवरची, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात जाताना ७५ टक्के आधी भरायची अट रद्द केली, तर त्याच वर्षी सरकारनं पुढच्या पायरीवर, अपिलाला, ५० टक्के आणून ठेवले. हुशारी मानली पाहिजे.

बड्या कंपन्या बुडाल्या की दिवाळखोरी संहितेखाली बँकांना दाव्याच्या सरासरी एक तृतीयांशाच्या आसपास मिळतात, आणि बँका ते मुकाट घेतात. तिथल्या अपिलाला असे निम्मे पैसे आधी ठेवावे लागत नाहीत. ‘२०२२ पर्यंत सर्वांसाठी घरे’ म्हणालात. त्यात आहे ते घर टिकवणं धरलं नव्हतं का?

निदान राहत्या घरापुरती ही अट काढा. अध्यादेश काढायचा म्हटला तर तुम्हाला एक रात्र पुरते, हे आम्ही पाहिलंय.

एक थकीत खातेदार