मनगटावरचा लाल पट्टा

प्रिय मनू,

तू फोन ठेवलास त्याला दीड तास झाला. पुन्हा लावत नाही, रात्रपाळी आहे, तुला झोप हवी. पण टपालावर सोडण्याइतका धीर माझ्यात नाही, म्हणून मेसेजमध्येच लिहिते. कामावर जायच्या आधी वाच.

डाव्या मनगटावर बोटभर रुंद लाल पट्टा दिसला मला. तू म्हणालास, हँडग्लोव्ह्ज होते ना, आणि परवाचं आहे, जळजळलंसुद्धा नाही. ते 'जळजळलं नाही' ऐकलं आणि माझा आवाज चढला. नायट्रिक ॲसिड अंगावर पडलं तर ते स्वतःच बोलतं, चटका बसतो, कातडी पिवळी पडते. तुमच्या पिकलिंगच्या, म्हणजे धातू ॲसिडमध्ये बुडवून साफ करायच्या टाकीत त्याच्यासोबत एचएफही, हायड्रोफ्लोरिक ॲसिडही आहे, आणि ते पातळ असलं, २० टक्क्यांच्या खाली, तर कातडीला पत्ता लागू न देता आत उतरतं. ठणका सुरू व्हायला २४ तासही लागू शकतात. तोवर फ्लोराइड आतलं कॅल्शियम धरत जातं, हाडापर्यंत पोचतं. जास्त भागावर पडलं तर रक्तातलं कॅल्शियम उतरून हृदयाचे ठोके बिघडतात. परवाचं असेल तर २४ तास उलटून गेलेत, हे मलाही कळतं. तरी विचारते, आत्ता ठणकतंय का? नखांखाली काही वाटतं का?

आता हातमोज्यांचं. टाकीतून जॉबची बास्केट वर उचलताना हात कोपरापेक्षा उंच जातात आणि हातमोज्यावरचं पाणी ओघळून उघड्या तोंडातून आत शिरतं. म्हणून लांब बाहीचे, जाड निओप्रीनचे घाल आणि कडा दोन बोटं बाहेर दुमड, ओघळ त्या पन्हाळीत थांबतो. घालण्याआधी प्रत्येक वेळी तोंड गुंडाळून आत हवा कोंड, दाब आणि गालाजवळ धर. टाचणीएवढं छिद्र असेल तरी गालाला झुळूक लागते. भोक पडलेला हातमोजा उघड्या हातापेक्षा वाईट, कारण आत गेलेलं ॲसिड तो तासन्‌तास कातडीला चिकटवून ठेवतो. ते पातळ निळे नायट्राइलचे एकदा वापरून टाकायचे असतात, टाकीसाठी नाहीत. शिंतोडा उडाला की तेवढ्यात काढून हात धुवायचे. आणि तेच घालून ॲसिटोननं जॉब पुसू नकोस, ॲसिटोन त्यातून काही मिनिटांत पार होतं, त्याला ब्यूटाइल रबर लागतं. कॅरन वेटरहान ही विषारी धातूंवरच काम करणारी प्राध्यापिका. ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे थोडे थेंब तिच्या लेटेक्सच्या हातमोज्यावर सांडले, जून १९९७ मध्ये ती गेली. नंतर तपासलं तेव्हा कळलं, त्या हातमोज्यातून ते १५ सेकंदांच्या आतच पार होतं. हातमोजा होता, मनू. तिलाही वाटलं असेल, होता ना.

बघ, सुरू झाले मी. तुझं ट्रेनिंग झालंय, तुझ्या हाताखाली चार माणसं आहेत, हे मला ठाऊक आहे. तू सेक्शन बघतोस हे सांगताना माझा ऊर भरून येतो. चुकलं असेल माझं, ओरडायला नको होतं.

तरी एक सांगतेच. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल २.५ टक्क्यांचं, टाकीपासून हाताच्या अंतरावर असलं पाहिजे, ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून नाही. लागलं तर आधी कपडे, हातमोजे, घड्याळ काढायचं, पाच मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं, मग जेल. चोळणाऱ्यानं स्वच्छ हातमोजे घालूनच चोळायचं, ठणका थांबेपर्यंत, आणि तसंच चोळत दवाखान्यात. तिथे पोचल्याबरोबर 'एचएफ' हा शब्द उच्चारायचा, नुसतं ॲसिड म्हणालात तर नेहमीच्या भाजण्यासारखे उपचार होतील. जेल नसेल तर पाणी पंधरा मिनिटं तरी. डोळ्यात गेलं तर जेल नाही, आयवॉशखाली पापण्या बोटांनी उघड्या धरून पाणी, आणि ताबडतोब डॉक्टर. गॉगल बाजूंनी बंद असणारा हवा. फेसशील्ड त्याच्यावर लावायची असते, त्याऐवजी नाही. पँट गमबुटाच्या बाहेर.

टाकीवर तपकिरी धूर दिसला तर एक्झॉस्ट आधी बघ. तो धूर छातीत गेला तर माणूस ठीक वाटतो, घरी जातो, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. मास्कच्या साध्या ॲसिड गॅसच्या कार्ट्रिजवर त्यासाठी भिस्त ठेवू नकोस. शिवाय दाढी. तुला शोभते, खरंच शोभते, पण मास्कची कड केसांवर बसली की सील राहत नाही, हवा फटीतून आत जाते.

आणि ते घड्याळ. नानांचं. नववीत असताना तुझ्या मनगटावर ते फिरायचं, तू जास्तीचं भोक पाडून घेतलं होतंस, तरी वर्गात हात वर केलास की कोपरापर्यंत घसरायचं. हे लिहिताना मला तो हातच दिसतोय. लाल पट्टा नेमका त्याच जागी आहे. हातमोज्यात गेलेला ओघळ घड्याळाच्या चामडी पट्ट्यापाशी अडला असणार आणि पट्टा ते शोषून बसला असणार. चामड्यातून एचएफ धुऊन निघत नाही. नुसत्या हातानं धरू नकोस, हातमोजे घालून सोडव, पट्टा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घातक कचऱ्यात दे. घड्याळ मागे राहिलं तरी चालेल, नानांना मी सांगते.

आत्ता उजेडात उभा राहा, मनगट साबणानं धू, आणि फोटो पाठव. पांढरट किंवा राखाडी दिसलं, किंवा दाबल्यावर आत दुखलं, तर पाळीवर जाऊ नकोस, दवाखान्यात जा. मी जागी आहे.

तुझी,
आई