ट्रोपोनिनच्या अहवालावर स्त्री-पुरुषांच्या मर्यादा वेगळ्या छापाव्यात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रक्ततपासणीच्या अहवालात हिमोग्लोबिनची अपेक्षित पातळी स्त्रिया आणि पुरुषांसाठी वेगवेगळी छापलेली असते आणि त्यात कुणाला काही नवल वाटत नाही. हृदयविकाराच्या झटक्याचे निदान करताना ज्या प्रथिनावर सर्वाधिक भिस्त असते, त्या ट्रोपोनिनच्या अहवालावर मात्र अनेक ठिकाणी दोघांसाठी एकच आकडा दिसतो. याचा थेट परिणाम स्त्रियांच्या निदानावर होतो, म्हणून हे पत्र.

ट्रोपोनिन हृदयाच्या स्नायूंमध्ये असते आणि स्नायूंना इजा झाली की ते रक्तात उतरते. निरोगी माणसाच्या रक्तातही ते अत्यल्प प्रमाणात सापडते. स्त्रियांमध्ये ते आणखी कमी असते आणि त्यांच्या हृदयाचे सरासरी वजन कमी असणे हे त्याचे एक कारण मानले जाते. हा फरक जुन्या चाचण्यांच्या आवाक्याबाहेर होता, पण आजच्या अतिसंवेदनशील चाचण्या तो टिपतात. अ‍ॅबॉट कंपनीच्या ट्रोपोनिन-आय चाचणीत स्त्रियांसाठी वरची मर्यादा लिटरमागे 16 नॅनोग्रॅम, तर पुरुषांसाठी 34 आहे. दोघांसाठी मिळून 26 हा एकच आकडा वापरला, तर 20 पातळी असलेल्या स्त्रीचा अहवाल ‘नॉर्मल’ ठरतो. एडिंबरो येथील संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नवी चाचणी आणि वेगळ्या मर्यादा वापरल्यावर संशयित रुग्णांपैकी झटक्याचे निदान झालेल्या स्त्रियांचे प्रमाण 11 टक्क्यांवरून 22 टक्क्यांवर गेले. पुरुषांमध्ये ते 19 वरून 21 टक्केच झाले.

मात्र स्त्रियांचे आकडे नेहमी कमीच असतात, असा सरसकट निष्कर्ष काढणे चूक ठरेल. हृदयावरील ताण दाखवणारे एनटी-प्रोबीएनपी निरोगी स्त्रियांमध्ये, विशेषतः तरुण वयात, पुरुषांपेक्षा जास्त असते. प्रत्येक प्रथिनाचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागतो.

आकडा बदलल्याने सारे साधत नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. स्कॉटलंडमधील 10 रुग्णालयांत 48 हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या अभ्यासात वेगळ्या मर्यादांमुळे हृदयाला इजा झालेल्या ज्या जादा व्यक्ती सापडल्या, त्यांत स्त्रिया पुरुषांच्या पाचपट होत्या. परंतु स्त्रियांना मिळालेले उपचार पुरुषांच्या जवळपास निम्मेच राहिले आणि वर्षभरानंतरच्या परिणामांत सुधारणा दिसली नाही. मला यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते, कारण इथे निदान हाती असूनही पुढचे पाऊल अडखळले.

झटक्याच्या 2018 च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत वेगळ्या मर्यादांची शिफारस आहे. आपल्याकडील प्रयोगशाळांनी अतिसंवेदनशील चाचणीच्या अहवालावर त्या छापाव्यात आणि सोबत चाचणीचे नावही द्यावे, कारण चाचणी बदलली की मर्यादाही बदलते. काही तासांच्या अंतराने केलेल्या दुसऱ्या तपासणीतील चढ-उतारही तितकाच महत्त्वाचा असल्याने, त्रास होत असलेल्या स्त्रीला केवळ पहिल्या अहवालावर विसंबून घरी पाठवू नये, अशी डॉक्टरांना विनंती आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, सातारा