निराश मतदाराने आधी प्रतिज्ञापत्र उघडावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘कुणालाही निवडून द्या, शेवटी तो तिकडेच जाणार.’ निवडणुकीचा विषय निघाला की पेडण्यापासून काणकोणपर्यंत हे वाक्य कानावर पडते आणि त्याला उत्तर देणे अवघड जाते, कारण ते अनुभवातून आलेले आहे. 2017 मध्ये गोवा विधानसभेत 17 जागा जिंकून पहिला आलेला काँग्रेस पक्ष विरोधात बसला आणि 13 जागांच्या भाजपचे सरकार आले. 10 जुलै 2019 रोजी काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. त्याआधी मार्चमध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या (मगो) तिघांपैकी दोघे गेले होते. 2022 च्या निवडणुकीपूर्वी पणजीचे महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा खुरीस (क्रूस) आणि बेतीचा दर्गा येथे उमेदवारांनी पक्ष न सोडण्याच्या शपथा घेतल्या. तरी 14 सप्टेंबर 2022 रोजी काँग्रेसच्या 11 पैकी 8 आमदार भाजपमध्ये गेलेच.

यात मतदाराने काही केले नाही असे नाही. 2019 मध्ये गेलेल्या त्या दहापैकी तिघेच 2022 मध्ये पुन्हा निवडून आले, सात जण घरी बसले. सांताक्रूझ आणि नुवे या दोन मतदारसंघांतील लोकांनी तर पक्ष सोडणाऱ्याला पाडून पुन्हा काँग्रेसचाच नवा उमेदवार निवडला. सहा महिन्यांत तो नवाही त्याच वाटेने गेला. ज्यांनी शिक्षा करून पाहिली त्यांच्याच वाट्याला हे आले, म्हणून त्यांना ‘मतदान पवित्र कर्तव्य आहे’ असे सांगण्यात अर्थ नाही. चिन्ह पाहून मत देण्याची सवय गोव्यात का फसते आणि तिच्या जागी काय पाहता येते, हे सांगण्यासाठी हे पत्र.

फसते ते कायद्यातल्या एका गणितामुळे. 1985 साली राज्यघटनेत पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट आले, तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तरी चालत असे. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने ती वाट बंद केली, पण दोन तृतीयांशांच्या ‘विलीनीकरणा’ची वाट मोकळी राहिली. मोठ्या राज्यात शंभर आमदारांच्या पक्षातून 67 जण एकाच दिवशी उचलणे कठीण. गोव्याच्या विधानसभेत जागाच 40. येथे 15 आमदारांच्या पक्षाला 10 लागतात, 11 च्या पक्षाला 8, तिघांच्या पक्षाला फक्त 2. दिल्लीतला किंवा राज्यातला मूळ पक्ष कुठेही विलीन झालेला नसला तरी आमदारांची ही संख्या पुरते, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 24 फेब्रुवारी 2022 रोजी 2019 च्या प्रकरणात दिला. म्हणजे पक्ष जितका लहान, तितके त्याचे कुंपण ठेंगणे. ‘मोठ्या पक्षांना कंटाळलो, लहान पक्षाला देऊ’ असे ठरवणाऱ्याने हे गणित आधी मांडून पाहावे. नको असे नाही, पण तेथे पक्षाच्या नावापेक्षा उमेदवाराचा स्वभाव अधिक तपासावा लागतो.

अपक्षाबद्दल उलटा गैरसमज आहे. अपक्ष म्हणजे बाजारातला सुटा माल, असे सर्रास बोलले जाते. कायद्याने मात्र निवडून आल्यानंतर कुठल्याही पक्षात प्रवेश करणारा अपक्ष थेट अपात्र ठरतो, त्याला दोन तृतीयांशांची सोय नाही. तो सरकारला बाहेरून पाठिंबा देऊ शकतो, मंत्री होऊ शकतो. 2022 मध्ये तिन्ही अपक्षांनी सरकारलाच पाठिंबा दिला. तेव्हा अपक्ष उमेदवार दारात आला की ‘पाठिंबा कुणाला देणार आणि कशाच्या बदल्यात’ एवढेच विचारावे, आणि उत्तर चारचौघांत घ्यावे.

आता तपासणीकडे. प्रत्येक उमेदवार अर्जासोबत नमुना 26 मधले प्रतिज्ञापत्र देतो. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि आयोगाच्या उमेदवार-माहितीच्या अ‍ॅपवर कुणालाही पाहता येते. वेळ थोडा असतो. 2022 मध्ये अर्ज मागे घेण्याचा दिवस 31 जानेवारी होता आणि मतदान 14 फेब्रुवारीला, म्हणजे हातात दोनच आठवडे. उमेदवार पूर्वी लढलेला असेल तर त्याचे मागचे प्रतिज्ञापत्रही त्याच ठिकाणी असते. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. एकटे प्रतिज्ञापत्र फारसे बोलत नाही, दोन मिळून बोलतात.

वाचताना गोव्यात एक चूक हमखास होते. संपत्तीच्या तक्त्यात उमेदवार, पती किंवा पत्नी, अविभक्त कुटुंब आणि अवलंबित असे वेगवेगळे रकाने असतात, आणि लोक पहिलाच रकाना पाहून ‘याच्याकडे काही नाही’ किंवा ‘एवढेच?’ असे म्हणून मोकळे होतात. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. त्यामुळे आयकराच्या विवरणपत्रातही पगार सोडून बाकीचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे दाखवले जाते. प्रतिज्ञापत्रातल्या मागील पाच वर्षांच्या उत्पन्नाच्या तक्त्यात नवरा-बायकोचे आकडे जुळ्यांसारखे दिसतात ते यामुळे. त्यात लपवाछपवी नाही, पण दोन्ही रकान्यांची बेरीज केल्याशिवाय खरा आकडा कळत नाही.

त्यानंतर स्थावर मालमत्ता. येथे गाव, सर्व्हे क्रमांक आणि उपविभाग, क्षेत्रफळ, खरेदीची तारीख आणि किंमत लिहावी लागते. माझ्या मते संपूर्ण प्रतिज्ञापत्रातला गोमंतकीयासाठी सर्वांत मोलाचा भाग हाच. सर्व्हे क्रमांक घेऊन भूनोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा काढावा आणि जमीन शेत म्हणून आहे, बागायत म्हणून आहे की आणखी काही, ते पाहावे. मग राजपत्र उघडावे. नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या 39अ कलमाखाली जमिनीचा विभाग (झोन) बदलायचा असेल तर गाव व सर्व्हे क्रमांकासह सूचना प्रसिद्ध होते आणि हरकतींसाठी 30 दिवस मिळतात. आमदाराची किंवा त्याच्या घरच्यांची खरेदी आधी आणि विभागबदल नंतर, असे दिसले तर कोणत्याही सभेतल्या भाषणापेक्षा ते अधिक सांगून जाते. तसे काही न दिसणे ही उमेदवाराच्या बाजूची गोष्ट आहे, तीही मोकळेपणाने मान्य करावी. एक फट मात्र राहते. जमीन एखाद्या कंपनीच्या किंवा भागीदारी संस्थेच्या नावावर असेल तर ती स्थावर मालमत्तेत दिसत नाही. जंगम मालमत्तेत शेअर किंवा भागीदारीतले भांडवल म्हणून एक ओळ असते, तेवढीच. त्या ओळीत एखाद्या रिअल इस्टेट कंपनीचे नाव असेल तर तिच्यापुढचा आकडा लहान आहे म्हणून पुढे जाऊ नये.

गुन्ह्यांच्या रकान्यात नुसती संख्या मोजू नये. रस्ता रोखला, मोर्चा काढला, जमावबंदी मोडली म्हणून लागलेली कलमे एकीकडे आणि फसवणूक, बनावट दस्त, मारहाण यांची कलमे दुसरीकडे. डोंगरकापणीविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्याच्या नावावर तीन गुन्हे असणे आणि जमीन लाटल्याचा एक असणे यांत तीन मोठे की एक, हे मतदाराने ठरवायचे. प्रथम माहिती अहवाल (एफआयआर) नोंदला आहे एवढेच आहे की न्यायालयाने आरोप निश्चित केले आहेत, तेही त्याच पानावर लिहिलेले असते. प्रलंबित गुन्हे असलेल्या उमेदवाराने ही माहिती माघारीच्या मुदतीनंतर प्रचार संपेपर्यंत तीन वेळा वृत्तपत्रांत आणि टीव्हीवर द्यायची असते. अशा उमेदवाराला तिकीट का दिले, हे पक्षानेही प्रसिद्ध करायचे आहे, आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ हे कारण सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये अमान्य केले आहे. पक्षांनी दिलेली कारणे वाचावीत. दहा उमेदवारांसाठी तोच मजकूर शब्दशः वापरलेला आढळला, तर त्या पक्षाने मतदाराला किती जमेस धरले आहे ते कळते.

उमेदवार सध्याचा आमदार असेल तर विधानसभेचे संकेतस्थळ पाहावे. तारांकित व अतारांकित प्रश्न आणि त्यांची उत्तरे तेथे आहेत. किती प्रश्न विचारले याला मी फार महत्त्व देत नाही, खोगीरभरती सहज करता येते. एकाच विषयाचा पाठपुरावा दोन-तीन अधिवेशनांत झाला का, हे बघावे. मंत्री स्वतः प्रश्न विचारत नाहीत, म्हणून त्यांच्या बाबतीत त्यांच्या खात्याने दिलेली उत्तरे वाचावीत. ‘माहिती जमवली जात आहे’ हे उत्तर पुन्हा पुन्हा आले असेल तर त्याची नोंद ठेवावी.

‘मत फुकट जाईल’ ही भीती सर्वांत जास्त घातली जाते. 2022 मध्ये 40 जागांसाठी 301 उमेदवार होते. एवढी मते विभागली की तिसऱ्या हिश्शाच्या आसपास मते घेणाराही निवडून येतो. सांत आंद्रेत 76 मतांनी निकाल लागला, फोंड्यात 77, प्रियोळात 213, साखळीत 666, पणजीत 716. म्हणून आपल्या मतदारसंघाचा नमुना 20 पाहावा. हा केंद्रनिहाय मतमोजणीचा तक्ता मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर असतो. आपल्या केंद्राची ओळ शोधावी, पहिल्या तिघांची मते आणि एकूण फरक लिहून घ्यावा. फरक हजाराच्या आत असेल आणि पहिल्या दोघांपैकी एक जण तपासणीत दुसऱ्यापेक्षा बरा ठरला असेल, तर मी त्यालाच मत द्यायला सांगेन, तो मनापासून आवडत नसला तरी. फरक पाच हजारांच्या पुढे असेल तर आवडत्या लहान उमेदवाराला खुशाल द्यावे. वैध मतांचा सहावा हिस्सा ओलांडला तर त्याची अनामत वाचते, आणि पुढच्या वेळी त्याला उभे राहायला बळ येते. उमेदवार बदलले असतील किंवा युती झाली असेल तर जुना आकडा जसाच्या तसा लावू नये. आघाडीतल्या पक्षांच्या मागच्या मतांची नुसती बेरीज तर कधीच करू नये, सगळे मतदार नेत्यांच्या मागोमाग जात नाहीत.

‘नोटा’विषयी एवढेच की 2013 पासून हे बटण आहे आणि विधानसभेच्या निकालावर त्याचा परिणाम शून्य. नोटाला सर्वाधिक मते पडली तरी उमेदवारांमध्ये पहिला असलेला निवडून येतो. अनामतीच्या हिशेबातही नोटा धरत नाहीत. 77 मतांच्या फरकाच्या मतदारसंघात ते बटण दाबणे म्हणजे निवड शेजाऱ्यावर सोपवणे. सगळेच उमेदवार तपासून झाल्यावर खरोखर कुणीच चालण्यासारखा नसेल तर दाबावे, न तपासता दाबू नये.

हे सर्व विधानसभेसाठी. लोकसभेला गोव्याच्या दोनच जागा आहेत आणि तेथे खासदार पक्षादेशाने बांधलेला असतो, म्हणून त्या वेळी पक्षाचेच धोरण पाहावे. म्हादई नदीच्या पाण्याचे उदाहरण घ्या. पाणीतंटा लवादाने 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले आणि डिसेंबर 2022 मध्ये कर्नाटकाच्या कळसा-भंडुरा प्रकल्पाच्या सुधारित अहवालाला मंजुरी मिळाली ती केंद्राकडून. तेव्हा म्हादईचा जाब आमदारकीच्या उमेदवाराला थोडा आणि खासदारकीच्या उमेदवाराच्या पक्षाला जास्त विचारायला हवा. कॅसिनोंचे उलट आहे. त्यांचे परवाने राज्याच्या 1976 च्या जुगार कायद्याखालचे, ते दिल्लीवर ढकलता येत नाहीत. ‘मांडवी नदीतून कॅसिनो हटवू’ म्हणणाऱ्याला कुठे हटवणार, कोणत्या तारखेला आणि बुडणारा महसूल कुठून भरणार, हे तीन प्रश्न विचारावेत. ग्रामपंचायतीला पक्षाचे चिन्हच नसते, तेथे माणूसच पाहायचा असतो आणि गावात आपण तो नीट पाहतो. तीच नजर आमदार निवडतानाही वापरता येईल.

शेवटी एक विनंती आपल्या दैनिकाला. उमेदवारांच्या गुन्ह्यांच्या जाहिराती आतल्या पानांवर इतक्या बारीक अक्षरांत येतात की वयस्कर वाचकाला त्या दिसतच नाहीत. माघारीच्या मुदतीनंतर रोज तीन मतदारसंघ घेतले तर 40 मतदारसंघ 14 दिवसांत होतात. प्रत्येकातल्या प्रमुख उमेदवारांची मागची आणि आताची संपत्ती, पती-पत्नीची बेरीज करून, सर्व्हे क्रमांकांसह एका चौकटीत छापावी. शेजारी गुन्ह्यांची कलमे आणि 2017 पासून त्यांनी कोणकोणते पक्ष बदलले, त्या तारखा द्याव्यात. टिप्पणी नको, नुसते तक्ते द्या. ज्यांच्याकडे संगणक नाही ते कात्रण काढून ठेवतील.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक
डिचोली