घोटा मुरगळला की चोळायचा नसतो

संपादक साहेब, नमस्कार.

सध्या गावोगाव कबड्डीच्या स्पर्धा चालू आहेत म्हणून हे लिहितेय. माझी मुलगी १६ वर्षांची, चढाईला जाते. गेल्या वर्षी एका स्पर्धेत बोनस गुण घेऊन मागे फिरताना कोपऱ्यातल्या मुलीने तिचा घोटा धरला, पाय मॅटवर तसाच अडकला आणि अंग फिरलं. दहा मिनिटांत बाहेरच्या हाडाखाली लिंबाएवढी सूज. तिथल्या एकांनी कोमट तेल लावून जोरजोरात चोळलं, अंगठा धरून पाय ओढला, वरून स्प्रे मारला आणि "काही नाही, मुरगळलाय फक्त" म्हणून तिला फायनलला उतरवलं. मीपण गप्प बसले, ते अजून मनाला लागून राहिलंय. रात्री तिच्या पायात चप्पलसुद्धा जाईना.

नंतर फिजिओ मॅडमनी समजावलं, पाय आत वळला की बाहेरच्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारा पट्टा, ताणतं नाहीतर फाटतं, आतल्या आत रक्त येतं म्हणून काळंनिळं पडतं आणि अशा ताज्या दुखापतीवर चोळलं की सूज अजून वाढते. स्प्रेने दुखायचं थांबतं, पण फाटलेलं जुळत नाही. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला दाबून दुखत असेल किंवा चार पावलंही टाकता येत नसतील तर आधी एक्स-रे काढायचा.

हार्दिक पंड्याचं आठवत असेल. १९ ऑक्टोबर २०२३, आपलं गहुंजेचं मैदान, स्वतःच्याच बॉलिंगवर पायाने बॉल अडवायला गेला आणि घोटा गेला, तीन बॉल टाकून बाहेर, ओव्हर कोहलीने पूर्ण केली, पंड्याचा वर्ल्ड कप तिथेच संपला. त्याच्यामागे एवढे डॉक्टर आणि फिजिओ असून तो कितीतरी महिने भारताकडून खेळू शकला नाही, आणि आपण पोरींना अर्ध्या तासात परत उतरवतो!

माझी मुलगी अजून रोज दात घासताना दुखऱ्या पायावर उभी राहते, तोल सांभाळायची सवय परत लागावी म्हणून. आधी पाच सेकंदातच बेसिन धरायची, आता पूर्ण ब्रश होतो.

आयोजकांना हात जोडून विनंती आहे, मंडपाला आणि स्पीकरला खर्च करता तसा मैदानाजवळ एक बर्फाचा डबा आणि दोन-चार क्रेप बँडेज ठेवा, आणि लंगडणाऱ्या मुलीला उतरवायचं नाही हे पंचांनाच ठरवू द्या, कारण जिंकायच्या नादात ते ना कोचला सुचतं ना आम्हा आईबापांना.

– एका कबड्डीपटूची आई, कराड