परदेशी सराव आणि तीच ती माणसे

महोदय,
पायदळाची बटालियन एका वर्षात तीन-चार परदेशी सरावांना जाते, तेव्हा खरी दमछाक मोजक्या माणसांची होते. रायफल कंपन्या, म्हणजे बटालियनमधल्या लढाऊ तुकड्या, आलटून-पालटून पाठवता येतात; सिग्नलवाले, वैद्यकीय सहायक, शस्त्र दुरुस्त करणारे मात्र दरवेळी तेच. वर्षाचे वेळापत्रक आखताना आधी त्यांच्या रजा लावाव्यात.

थंड प्रदेशातून उष्ण प्रदेशात गेल्यावर शरीर रुळायला 10 ते 14 दिवस लागतात. पहिल्याच आठवड्यात पूर्ण ओझ्यासह लांब कूच ठेवणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. प्रवासात रायफलीची दुर्बीण हलते, म्हणून पोहोचताच झीरोइंग, म्हणजे गोळी नेमकी नेमावर लागेल अशी दुर्बीण जुळवणे, पुन्हा करावे. आणि बुटांच्या तळव्यातला सुकलेला चिखल? बाहेरची माती, बिया, जंतू देशात येऊ नयेत म्हणून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये तेवढ्यावरूनही तपासणीत सामान अडते. ब्रशने खरवडून, धुऊन, पूर्ण वाळवूनच बूट पेटीत भरावेत.

— एक वाचक